राहण्याचा खर्च कुठल्या रकान्यात? शिकारीच्या सहलींवरचे अभ्यास वाचताना

पर्यटनाच्या अर्थशास्त्रावर सर्व्हे करायचा म्हटलं की प्रश्नावलीत एक रकाना हमखास असतो: 'राहण्याचा खर्च'. दिसायला अगदी साधा. पण या रकान्यात काय धरलं आणि काय सोडलं यावरून निष्कर्ष कसा फिरू शकतो, ते बघायचं असेल तर आफ्रिकेतल्या ट्रॉफी हंटिंगवरचे अभ्यास वाचावेत. परवाना काढून, पैसे भरून वन्यप्राण्याची शिकार करायची आणि शिंगं, कातडी, मुंडकं आठवण म्हणून घरी न्यायचं, असा हा व्यवसाय. तो नैतिक आहे की नाही हा वाद मोठा आहे, आज त्यात शिरत नाही. आज फक्त हिशोब कसा मांडलाय ते बघू.

आधी दोन आकडे. २०१५ मध्ये साउथविक असोसिएट्स या संस्थेचा अहवाल आला. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ८ देशांत शिकार-पर्यटनाचं आर्थिक योगदान वर्षाला ४२.६ कोटी डॉलर आणि त्यावर ५३,००० हून अधिक नोकऱ्या, असं त्यात म्हटलं होतं. हा अभ्यास सफारी क्लब इंटरनॅशनल फाउंडेशनसाठी केलेला होता, म्हणजे शिकाऱ्यांच्या बाजूच्या संस्थेसाठी. २०१७ मध्ये इकॉनॉमिस्ट्स अ‍ॅट लार्ज या गटाने त्याच अभ्यासाची फेरतपासणी केली. त्यांचं उत्तर: फार तर १३.२ कोटी डॉलर आणि ७,५०० ते १५,५०० नोकऱ्या. ही तपासणी ह्यूमेन सोसायटी इंटरनॅशनलसाठी होती, म्हणजे शिकारीला विरोध करणाऱ्या संस्थेसाठी.

इथे बरेच जण "पैसे कोणी दिले ते बघा, विषय संपला" म्हणून पान उलटतात. पैसे कोणी दिले हे बघायलाच हवं. पण तेवढ्याने कुठला आकडा का चुकला हे कळत नाही. त्यासाठी पद्धतीत उतरावं लागतं.

शिकारीच्या सहलीचं बिल साधारण दोन भागांत असतं. एक 'डेली रेट', म्हणजे दिवसाचा दर. दुसरा ट्रॉफी फी, म्हणजे मारलेल्या प्राण्यामागे द्यायची रक्कम. डेली रेटमध्ये सहसा कॅम्पमधलं राहणं आणि जेवण तर असतंच, शिवाय परवानाधारक व्यावसायिक शिकारी, माग काढणारे, कातडी सोलणारे आणि गाडी असं सगळं एकत्र बांधलेलं असतं. शिकार न करता नुसतं सोबत आलेल्यांसाठी वेगळा, कमी दर असतो.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. डेली रेट ४०० डॉलर, सहल १० दिवसांची, म्हणजे ४,००० डॉलर. प्रश्नावलीत विचारलं, "राहण्यावर किती खर्च झाला?" एक जण ४,००० लिहितो. दुसरा शून्य लिहितो, कारण "ते पॅकेजमध्येच होतं". तिसरा फक्त विमानतळाजवळच्या हॉटेलातल्या एका रात्रीचे पैसे लिहितो. तिघंही आपापल्या परीने खरंच बोलतायत! पण पहिल्याचे ४,००० 'पॅकेज'च्या रकान्यातही आले, तर तीच रक्कम दोनदा मोजली जाते. म्हणून असा पेपर वाचताना निष्कर्षाच्या आधी प्रश्नावली शोधा. ती परिशिष्टात नसेल तर तशी नोंद करून ठेवा.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. समजा एखादा माणूस १० दिवस शिकार करतो आणि मग ४ दिवस समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलात राहतो. ते ४ दिवस शिकारीच्या खात्यावर मांडायचे का? 'योगदान' मोजणारा म्हणेल, हो, त्या माणसाचा सगळा पैसा देशात आलाच ना. 'वाढीव परिणाम' मोजणारा विचारेल, शिकार बंद असती तर यातले किती लोक तरीही आले असते? जे आले असते त्यांचा खर्च वजा करा. ४२.६ आणि १३.२ यांतलं अंतर बरंचसं या दोन प्रश्नांमधलं अंतर आहे. पहिल्या अहवालाच्या नावातच 'योगदान' हा शब्द आहे. त्याचा आकडा "शिकार बंद केली तर इतकं नुकसान होईल" असा वापरला, तर तो वापर चुकीचा ठरतो.

पण फेरतपासणीलाही सूट देऊ नये. तिच्यातलं सगळ्यात गाजलेलं वाक्य म्हणजे हे योगदान जीडीपीच्या फार तर ०.०३ टक्के आहे. इथे छेद बघा. आठ देशांच्या एकत्र जीडीपीत एकट्या दक्षिण आफ्रिकेचा वाटा प्रचंड आहे. जोहान्सबर्गच्या बँका आणि खाणी छेदात टाकल्यावर जंगलाकाठच्या गावाचं उत्पन्न नगण्यच दिसणार. शिवाय शिकारीचे कितीतरी पट्टे दुर्गम आहेत, तिथे फोटो काढणारे पर्यटक फारसे जात नाहीत. "हे नाही तर ते पर्यटक येतील" हे गृहीतक देशपातळीवर चालतं, प्रत्येक पट्ट्यात चालेलच असं नाही.

मग बरा अभ्यास कसा दिसतो? नामिबियावरचे दोन पेपर वाचा. हुमाविंदू आणि बार्न्स यांनी २००३ मध्ये तिथल्या ट्रॉफी हंटिंगचा हिशोब मांडला. थेट खर्च १३.४ कोटी नामिबियन डॉलर, पण मूल्यवर्धन ६.३ कोटी, म्हणजे निम्म्याहूनही कमी. लॉजमालकाने डिझेल विकत घेतलं, बाहेरून किराणा आणला, ते वजा करून उरतं ते मूल्यवर्धन. त्यापुढे जाऊन त्यांनी विचारलं, हे उत्पन्न कोणाच्या हातात पडतं? मजुरी, भाडं आणि स्वामित्वशुल्क धरून सुमारे २४ टक्के गरीब घटकांकडे जातं, असं त्यांचं उत्तर. या एका आकड्यावर दोन्ही बाजू भांडू शकतात, पण निदान प्रश्न योग्य आहे.

दुसरा पेपर नायडू आणि सहकाऱ्यांचा, २०१६ चा. नामिबियात १९९६ च्या कायद्याने गावांच्या सामायिक जमिनीवर 'कॉन्झर्व्हन्सी' स्थापन करता येऊ लागल्या आणि वन्यजीवांपासून मिळणाऱ्या उत्पन्नावर गावकऱ्यांना हक्क मिळाला. या पेपरमध्ये अशा ७७ कॉन्झर्व्हन्सींचा १९९८ ते २०१३ चा डेटा आहे. शिकारीचा फायदा साधारण ३ वर्षांत सुरू होतो, पर्यटनाचा ६ वर्षांनी. शिकारीतून मुख्यतः कॉन्झर्व्हन्सी चालवायला पैसा आणि लोकांना मांस मिळतं. पर्यटनातून मुख्यतः लॉजमधल्या पगारी नोकऱ्या मिळतात. शिकार बंद झाली तर काय होईल याचं सिम्युलेशन केलं, तेव्हा स्वतःचा खर्च भागवू शकणाऱ्या कॉन्झर्व्हन्सींची संख्या बरीच घटली. पर्यटन काढून टाकल्यावर इतका मोठा परिणाम दिसला नाही.

म्हणजे राहण्याच्या खर्चाचा डॉलर आणि प्राण्यामागे भरलेला डॉलर गावात वेगवेगळ्या दारांनी शिरतात. लॉजचा पैसा पगार होऊन एकेका घरात जातो, शिकारीचा पैसा सामायिक तिजोरीत जातो. हे दोन्ही एकाच बेरजेत टाकले, की धोरण ठरवणाऱ्याला जे कळायला हवं तेच पुसलं जातं. बोट्सवानाने २०१४ मध्ये शिकार बंद केली आणि २०१९ मध्ये बंदी उठवली. असे निर्णय एकट्या आकडेवारीवर होत नाहीत, पण दोन्ही वेळी झळ कोणाला बसते हे वरच्या कोटींच्या बेरजांतून दिसत नाही. तरीही भाषणांत आणि बातम्यांत त्याच बेरजा फिरतात.

नायडूंच्या पेपरलाही मर्यादा आहेतच. सिम्युलेशन हे गृहीतकांवर चालतं, आणि कॉन्झर्व्हन्सीचं उत्पन्न कळलं म्हणून तिच्या आत कोणत्या घराला किती मिळालं हे कळत नाही. पीएचडीचा विषय शोधताय ना? अशा जागी तो सापडतो.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा व्यवसाय नाही. पण रकान्याचा प्रश्न जसाच्या तसा आहे. ताडोब्याला आलेल्या पर्यटकाच्या पैशांपैकी गेटवर किती, रिसॉर्टला किती, आणि मोहर्लीतल्या घरात किती? कोणी यावर सर्व्हे करणार असाल, तर 'राहण्याचा खर्च' हा एक रकाना न ठेवता निदान चार करा: खोली, जेवण, सोबतच्या माणसांची सेवा, आणि यातलं पॅकेजमध्ये काय होतं. आणि पाचवा प्रश्न विसरू नका: पैसे कोणाच्या हातात दिले?

प्रश्नावली पानभर लांबेल आणि उत्तरं देणारे कंटाळतील, हे खरं आहे. पण डेटा गोळा करताना जे वेगळं ठेवलं नाही, ते नंतर कुठलंही सॉफ्टवेअर वेगळं करून देत नाही.