कॉइलच्या रेसिपीत काय लिहिलेलं नसतं

हौशी रेडिओवाल्यांमध्ये कॉइलची एक रेसिपी वर्षानुवर्षं फिरते आहे. तुम्हीही ती कुठल्या ना कुठल्या रूपात वाचली असेल. दीड इंची पीव्हीसी पाइप घ्या, १८ गेजची तांब्याची तार घ्या, ६ सेंटीमीटर लांबीत २५ वेढे मारा, अँटेनाला जोडा आणि एसडब्ल्यूआर बघा. तो १ च्या जवळ आला की काम फत्ते.

या रेसिपीवर माझे दोन आक्षेप आहेत. पहिला लहान आहे. तिच्यातले शब्द गाव बदललं की अर्थ बदलतात. दुसरा मोठा आहे. तिने सांगितलेली चाचणी वाईट कॉइललाच जास्त मार्क देते.

आधी कॉइल लागते कशाला ते बघू. ७.१ मेगाहर्ट्झवर अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल ताणायचा तर साधारण २० मीटर तार लागते. अमरावती-अकोल्याच्या वस्तीतल्या किती गच्च्यांवर एवढी सरळ जागा असते? म्हणून लोक अडीच मीटरचा उभा दांडा लावतात. एवढा आखूड दांडा या वारंवारतेला जेमतेम २५-२६ पिकोफॅरडच्या कपॅसिटरसारखा वागतो. त्याचा परिणाम रद्द करायला बुडाशी साधारण १९.४ मायक्रोहेन्रीची कॉइल हवी.

हा आकडा वेढ्यांतून काढायचं सूत्र हॅरॉल्ड व्हीलर यांनी १९२८ साली एका छोट्या शोधनिबंधात दिलं. त्रिज्येचा वर्ग गुणिले वेढ्यांचा वर्ग, भागिले (९ × त्रिज्या + १० × लांबी). मापं इंचांत, उत्तर मायक्रोहेन्रीत. शंभर वर्षं होत आली तरी ते टिकून आहे, आणि ते योग्यच आहे. कागद-पेन्सिलीने होणारं गणित आणि चूक साधारण एक टक्क्याच्या आत! पण व्हीलरनी सूत्रासोबत मर्यादाही दिली होती. कॉइलची लांबी त्रिज्येच्या ०.८ पटीहून जास्त हवी. रेसिपी लिहिणाऱ्यांनी सूत्र उचललं आणि मर्यादा गाळली.

आता 'दीड इंची पाइप' घ्या. अमेरिकी रेसिपीतल्या दीड इंची पाइपचा बाहेरचा व्यास असतो ४८.३ मिलिमीटर. आपल्याकडे शेतीच्या पाइपच्या दुकानात दीड इंची मागितलात तर ५० मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा पाइप मिळतो. फरक दीड-दोन मिलिमीटरचा, म्हणून कुणी लक्ष देत नाही. पण सूत्रात व्यास वर्गाने येतो. ४८.३ वर १८.३ मायक्रोहेन्री मिळतात आणि ५० वर १९.४. म्हणजे सहा टक्के जास्त. अनुनादाची वारंवारता इंडक्टन्सच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणून ती तीन टक्के खाली येते. ७.१ वर बसायला हवा होता तो अनुनाद ६.९ वर जातो. आपल्याला मिळालेला पट्टा ७.० ते ७.२ चा. दीड-दोन मिलिमीटरांनी तुम्हाला पट्ट्याच्या बाहेर नेऊन बसवलं.

गेजचंही तसंच. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातली १८ गेजची तार ब्रिटिश मापाने १.२२ मिलिमीटरची असते, अमेरिकी मापाने तीच १.०२ ची. वेढ्याला वेढा चिकटवून मारलात तर २५ वेढ्यांची लांबी ३० ऐवजी २५-२६ मिलिमीटर भरते आणि इंडक्टन्स जवळपास दहा टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे 'किती वेढे' हा प्रश्न एकटा विचारण्यात काही अर्थ नाही.

व्हीलरच्या सूत्रात आणखी एक गोष्ट नाही, ती म्हणजे वारंवारता. १९४७ मध्ये मेडहर्स्ट यांनी एकेरी थराच्या कॉइली प्रत्यक्ष मोजून त्यांची स्वतःची कपॅसिटन्स किती असते याचा तक्ता दिला. ती वेढ्यांच्या संख्येपेक्षा कॉइलच्या व्यासावर आणि लांबी-व्यासाच्या गुणोत्तरावर ठरते. 'दोन शेजारच्या वेढ्यांमध्ये छोटा कपॅसिटर तयार होतो' हे पुस्तकी स्पष्टीकरण त्यामुळे फार पुरं पडत नाही. आपल्या कॉइलसाठी ही कपॅसिटन्स साधारण २.४ पिकोफॅरड येते. म्हणजे ही कॉइल २३ मेगाहर्ट्झच्या आसपास स्वतःच अनुनादित होते आणि ७.१ वर १९.४ ऐवजी २१ च्या वर असल्यासारखी वागते. स्वस्त एलसी मीटर खूप कमी वारंवारतेवर मोजतो. त्याचा आकडा चुकीचा नसतो, पण तो तुमच्या कामाच्या वारंवारतेचा नसतो.

आता मोठा आक्षेप. अडीच मीटर दांड्याचा प्रारण रोध, म्हणजे ज्या रोधात गेलेली शक्ती खरोखर हवेत जाते तो, ७.१ वर फक्त १.४ ओहम असतो. जमिनीतला तोटा १० ओहम धरू. कॉइलचा रिअ‍ॅक्टन्स ८६५ ओहम. तिचा क्यू, म्हणजे गुणवत्तेचा आकडा, ३०० असेल तर तिचा तोटा २.९ ओहम. एकूण झाले १४.३. पन्नास ओहमच्या केबलला एसडब्ल्यूआर दिसेल ३.५. तुम्ही नाक मुरडाल. तरी १०० वॉटपैकी जवळपास १० वॉट हवेत जातात.

आता वाईट कॉइल घ्या, क्यू २२ ची. तिचा तोटा ३९ ओहम. एकूण पन्नासच्या आसपास. एसडब्ल्यूआर १! रेसिपीप्रमाणे काम फत्ते. हवेत जातात तीन वॉटहून कमी, आणि ७७ वॉट कॉइल तापवण्यात खर्च होतात. पीव्हीसी साधारण ७५-८० अंशांना मऊ पडायला लागतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे असताना ते अंतर कापायला वेळ लागत नाही. वेढे सैल होतात, माप बदलतं, आणि दोष पाइपाला दिला जातो.

हे लक्षात का येत नाही? कारण दहा आणि तीन वॉटमधला फरक समोरच्याच्या मीटरवर एका एस-युनिटहूनही कमी असतो. ७ मेगाहर्ट्झवर सिग्नलचा चढउतार त्याहून मोठा असतो. 'अकोल्याला ऐकू गेलं का' हीसुद्धा कॉइलची परीक्षा नाही. अमरावतीहून अकोला शंभरेक किलोमीटर. तिथे पोचायला लाटा जवळजवळ उभ्या वर जाऊन परताव्या लागतात, आणि उभा दांडा नेमका त्याच दिशेला कमी प्रारण करतो. कॉइल कितीही चांगली असली तरी.

शिवाय एसडब्ल्यूआरमध्ये जमीनही बोलत असते. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातली क्षारयुक्त काळी माती आणि चिखलदऱ्याचा कातळ यांची विद्युतवाहकता सारखी नाही. ऑगस्टमधली ओली माती आणि मे महिन्यातली भेगाळलेली माती हीसुद्धा सारखी नाही. तीच कॉइल, तोच दांडा, आणि चार वेगळे एसडब्ल्यूआर. यातून कॉइलबद्दल काय कळलं? काहीच नाही.

म्हणून कॉइल आधी टेबलावर एकटी तपासा. जुन्या रेडिओतला हवेचा गँग कंडेन्सर तिला समांतर जोडा आणि ७.१ वर अनुनाद आणा. नॅनोव्हीएनएला दोन छोटी वेटोळी लावून ती कॉइलपासून लांब धरा, म्हणजे मीटर स्वतः कॉइलवर भार टाकणार नाही. शिखरापासून ३ डेसिबल खाली रुंदी किती ते बघा. २४ किलोहर्ट्झ असेल तर क्यू ३०० च्या जवळपास. ३२० असेल तर २२. मग दोषी शोधा: पाइपातून आरपार गेलेला लोखंडी बोल्ट, टोकाला गोल आवळलेली क्लॅम्प (ती बंद वेढ्यासारखी वागते), किंवा खेटून मारलेली बारीक तार. अ‍ॅल्युमिनियमच्या तारेला मात्र लगेच दोष देऊ नका. ७.१ वर प्रवाह तांब्याच्या जेमतेम २५ मायक्रॉन थरातून वाहतो आणि रोध विशिष्ट रोधाच्या वर्गमुळाने वाढतो. अ‍ॅल्युमिनियममुळे तोटा पाव-एक पटीने वाढेल, दहापट नाही.

नवख्या माणसाला रेसिपी लागतेच, हे मला मान्य आहे. परवाना हातात आल्यावर कुणीही आधी निबंध वाचत बसत नाही. पण रेसिपी लिहिणाऱ्याने चार आकडे जास्त द्यावेत एवढी अपेक्षा रास्त आहे: पाइपचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये, तारेची जाडी मिलिमीटरमध्ये, मोजलेला इंडक्टन्स आणि तो कुठल्या वारंवारतेला मोजला, आणि क्यू. पुढच्या वेळी कुणी तुम्हाला कॉइल दाखवून एसडब्ल्यूआर १ आला म्हणून सांगितलं, तर पाच मिनिटं ट्रान्समीटर चालू ठेवायला सांगा. मग तो बंद करून, केबल काढून, कॉइलला हात लावून बघा.