खाणीतून निघाले म्हणजे संपले काय?

घरातला तांब्याचा बंब जुना झाला की मोडीत जातो. ते तांबे वितळवून त्याचे दुसरे भांडे होते. पितळी पातेल्याची कल्हई मात्र घासून घासून झिजते. ते कथील मोरीतून वाहून जाते आणि पुन्हा हाती येत नाही. दोन्ही धातू खाणीतूनच आले. एक टिकला, दुसरा विखुरला. वस्तूंचा पर्यावरणावरील भार मोजणारे शास्त्र हा भेद ओळखते का, हे आपल्याला येथे तपासायचे आहे.

जीवनचक्र-मूल्यमापनात एखादी वस्तू कच्च्या मालापासून टाकून देईपर्यंत निसर्गावर किती भार टाकते, याचा हिशेब मांडतात. त्यातला एक रकाना खनिजांच्या ऱ्हासाचा. तो भरण्याची एक रूढ पद्धत हॉलंडमधील लायडेन विद्यापीठाच्या गिने आणि हायुंग्ज यांनी १९९५ साली मांडली. मूलद्रव्याच्या वार्षिक उत्खननाला त्याच्या साठ्याच्या वर्गाने भागायचे आणि उत्तराची तुलना अँटिमनीशी करायची. १ किलो अँटिमनीचा अंक १ धरला, तर १ किलो सोन्याचा सुमारे ५२ येतो, तांब्याचा ०.००१४ आणि लोखंडाचा तांब्याच्याही सुमारे २६ हजारावा भाग.

येथे ‘साठा’ म्हणजे कोणता? आज फायद्यात काढता येईल तेवढाच धरला, तर आकडा स्थिर राहत नाही. १९७० साली जगातील तांब्याचा असा साठा सुमारे २८ कोटी टन मानला जाई. पुढच्या चाळीस वर्षांत त्याहून अधिक तांबे काढले गेले, तरी २०११ चा अंदाज ६९ कोटी टन होता! नवे शोध, सुधारलेले तंत्र आणि बदलते भाव यांमुळे साठा वाढत गेला. म्हणून या पद्धतीत संपूर्ण भूकवचातील प्रमाण धरतात. बाजारभावाबरोबर साठ्याचा आकडा हलत नाही, हा तिचा मोठा गुण आम्ही मान्य करतो.

पण उणीव तिच्या मापदंडातच दिसते. अँटिमनी शिशाच्या बॅटरीतील पट्ट्यांना कठीणपणा देते. बॅटरी भंगारात गेली की शिशाबरोबर ते बरेचसे परत मिळवता येते. तेच अँटिमनी प्लॅस्टिकने सहज पेट घेऊ नये म्हणून ऑक्साइडच्या रूपात त्यात मिसळतात. तेथून ते वेगळे काढणे फार अवघड असते. तरीही दोन्हीकडे अंक एकच. पुनर्वापराचे श्रेय हिशेबात अन्यत्र देता येते हे खरे. पण ते कसे द्यावे याचे नियम अनेक आहेत आणि नियम बदलला की उत्तरही बदलते.

हा केवळ आकडेमोडीचा वाद नाही. अधिक तांबे घातलेली कार्यक्षम मोटार वर्षानुवर्षे वीज वाचवते आणि शेवटी तिचे तांबे मोडीतून परत येऊ शकते. केवळ या रकान्यावर विसंबलो, तर कमी तांब्याची, अधिक वीज खाणारी मोटार आपण चांगली ठरवून बसू.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाशी संलग्न तज्ज्ञगटाने अशा २७ पद्धती तपासून २०२० साली शिफारशी मांडल्या. ऱ्हासात वस्तूचा तुलनात्मक वाटा किती, एवढ्या प्रश्नापुरती त्यांनी हीच पद्धत सुचविली. धातूंच्या विखुरण्याचा विचार पुढील पद्धतींत व्हावा, असेही सांगितले. आमचेही मत तेच आहे. या पद्धतीला मोडीत काढू नये; पण ‘भूमीतून किती घेतले’ याचे उत्तर ‘कायमचे किती गमावले’ याचे उत्तर म्हणून खपवू नये.

शिक्षकांनी वर्गात एक साधा उपक्रम करून पाहावा. घरातील धातूच्या दहा वस्तूंची यादी मुलांकडून करून घ्यावी आणि प्रत्येकीपुढे लिहायला सांगावे : हा धातू शेवटी भंगारवाल्याकडे जाईल, की मोरीत? हा प्रश्न ज्याला पडला, तो विद्यार्थी तयार आकडा निमूटपणे स्वीकारणार नाही.