आदिवासी बाणाग्रांची मूळस्थाननिश्चिती : उरण परिसराच्या संदर्भात

जुन्या लोखंडी बाणाग्राचा आकार पाहून त्याची जमात ठरविण्याची पद्धत संग्राहकांमध्ये रूढ आहे. पानाच्या आकाराचे पाते दिसले की ‘भिल्ल’ अशी नोंद होते व प्रश्न मिटल्याचे मानले जाते. या सवयीमागे वसाहतकालीन वर्गीकरणाचा प्रभाव आहे. विल्ब्रहॅम एगर्टन यांनी 1880 मध्ये लंडनच्या इंडिया म्युझियममधील भारतीय शस्त्रांची वर्णनात्मक सूची प्रसिद्ध केली. प्रदेश व लोकसमूह यांनुसार केलेली तिची मांडणी त्या काळी उपयुक्त होती, हे मान्यच. परंतु सूचीतील वर्ग हा वस्तूच्या उगमाचा पुरावा नव्हे.

उरण परिसराच्या बाबतीत ही मर्यादा ठळकपणे जाणवते. काथ तयार करण्याच्या व्यवसायावरून ज्यांना नाव मिळाले, ते येथील कातकरी धनुष्यबाणाने शिकार करीत. तथापि लोखंडी पाते बहुधा गावच्या लोहाराच्या भट्टीतून येई. कातकरी आणि ठाकूर एकाच लोहाराचे गिऱ्हाईक असतील, तर आकारावरून फार तर लोहार ओळखता येईल, शिकारी नव्हे. कालनिर्णयाचेही तसेच. विदर्भातील माहुरझरीच्या महापाषाणीय दफनांतही लोखंडी बाणाग्रे मिळाली आहेत. साधा, उपयुक्त आकार शतकानुशतके टिकतो.

अधिक विश्वसनीय साक्ष पात्याबाहेर असते : काठीचे लाकूड वा बोरू, देठ बसविण्याची रीत, गुंडाळलेला दोरा, डिंक, पिसे. भिल्लांच्या धनुष्याला बांबूच्या सालीची दोरी असे, हा तपशील पात्याच्या आकारापेक्षा कितीतरी बोलका आहे. पाते सुटे करून चौकटीत लावणारा संग्राहक (आणि हे फार हौसेने केले जाते) नेमकी हीच साक्ष नष्ट करतो.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची परंपरा खंडित होत गेली; पाहताक्षणी बाण ओळखणारी माणसे त्यामुळे विरळ झाली. अशा वेळी कातकऱ्याच्या बाणावर लागलेली ‘भिल्ल’ ही चिठ्ठी कोकणच्या वनजीवनाच्या इतिहासातून त्याला वगळते.

स्थळनोंदीही डोळसपणे वाचाव्या लागतात. उरणचे वर्णन 1882 च्या ठाणे गॅझेटियरमध्ये आहे. पुढे हा भाग कुलाबा जिल्ह्यात गेला आणि 1981 मध्ये कुलाब्याचे रायगड झाले. जुन्या चिठ्ठीवर ‘ठाणे’ असेल, तर तो बाण उरणचा नाही असे म्हणण्यापूर्वी चिठ्ठीचे वर्ष पाहणे आवश्यक ठरते.