‘रिपॅट्रिएशन’ : अर्थ आणि मर्यादा

‘रिपॅट्रिएशन’ हे औपचारिक इंग्रजी नाम शिकविताना ‘मायदेशी परतणे’ एवढा अर्थ सांगून आपण पुढे जातो. हा अर्थ चुकीचा नसला तरी अपुरा आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा उद्देश आहे.

या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील ‘पात्रिया’, म्हणजे पितृभूमी आहे. (मराठीने त्या जागी माय ठेवली.) ‘परतणे’ हे क्रियापद अकर्मक असून परतणारा स्वतःच कर्ता असतो. इंग्रजी धातू मात्र प्रायः सकर्मक आहे. कोणीतरी कोणाला तरी परत पाठवितो किंवा आणतो. निर्वासितांसंबंधीच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारात या नामाआधी ‘स्वेच्छेने’ अशा अर्थाचे विशेषण जोडावे लागते, ते यामुळेच. परतणाऱ्याची इच्छा या शब्दात गृहीत नाही. ‘पाठवणी’ हा प्रतिशब्द अर्थाने जवळचा वाटतो. पण त्याने सासरी निघालेली मुलगी डोळ्यांपुढे येते. कार्यालयीन ‘प्रत्यावर्तन’ प्रतिनियुक्तीवरून मूळ विभागात जाणाऱ्या कर्मचाऱ्यापुरते ठीक आहे.

याहून महत्त्वाचा प्रश्न सीमेचा आहे. रूढ अर्थाने हे नाम राष्ट्राची सीमा ओलांडणाऱ्यासाठीच योजले जाते. ७ मे २०२० रोजी ‘वंदे भारत’ मोहिमेची विमाने परदेशांतील भारतीयांना आणू लागली. त्या प्रवासाला ‘रिपॅट्रिएशन’ म्हटले गेले. दुसऱ्याच दिवशी पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांचा मालगाडीखाली मृत्यू झाला. जालन्यातील पोलाद कारखान्यात काम करणारे हे मजूर टाळेबंदीत मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे पायी निघाले होते. त्यांनाही घरीच जायचे होते. परंतु त्यांच्या वाटेत राज्याची सीमा होती, राष्ट्राची नव्हती. म्हणून कोशातील व्याख्या त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. अनिवासी भारतीयाच्या बँक खात्यातील रक्कम परदेशी नेण्यास मात्र हेच नाम बिनदिक्कत चालते! पैशाला हा शब्द मिळतो आणि मजुराला मिळत नाही, ही विसंगती केवळ भाषिक मानता येणार नाही.

एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत ‘जालन्याहून मजुरांचे रिपॅट्रिएशन’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य लिहिले होते. कोशानुसार ते चूक आहे. मी त्याचे गुण कापले नाहीत.