फरशी पुसणाऱ्यांच्या गोष्टीतला गळालेला भाग

एचआर किंवा संघटनात्मक मानसशास्त्रात पीएचडी करायचा विचार असेल, तर 'जॉब क्राफ्टिंग' हा शब्द तुमच्या कानावर आला असेलच. त्याच्या मागोमाग ती गोष्टही येते. अमेरिकेतल्या एका रुग्णालयात सफाई करणारी बाई कोमातल्या रुग्णांच्या खोल्यांमधली भिंतीवरची चित्रं अधूनमधून बदलते. तिला कोणी सांगितलेलं नसतं. रुग्णांना कुठेतरी जाणवत असेल, एवढंच तिच्या मनात. ही स्लाइड आली की सभागृह शांत होतं. मग ट्रेनर म्हणतो, "बघा, काम तेच, फक्त नजर बदलली."

मीही बराच काळ हेच धरून चालले होते. खरं सांगायचं तर माझ्या सिनॉप्सिसमध्ये मूळ लेखाचा हवाला होता आणि मूळ लेख मी वाचलेला नव्हता. (तुमच्यापैकी किती जणांचं असं आहे, विचारत नाही.)

वाचल्यावर काय दिसलं ते सांगते. एमी रेझनेस्की आणि जेन डटन यांचा 'अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट रिव्ह्यू'मधला लेख 2001 चा. त्यांचं म्हणणं असं, की नोकरीचं वर्णन कागदावर कोणीही लिहो, ती करणारा माणूस स्वतःच तिच्या सीमा हलवत असतो. कामं कमी-जास्त करतो, कोणाशी किती बोलायचं ते ठरवतो, आणि आपण नेमकं काय करतो याकडे बघण्याची पद्धत बदलतो. तोवरचं कामाच्या रचनेवरचं बरंचसं संशोधन असं धरून चालायचं, की काम वरून आखलं जातं आणि कर्मचारी ते फक्त करतो. त्याला या लेखाने चांगलाच धक्का दिला, आणि त्याचं हे श्रेय मी मुळीच कमी करत नाही.

पण त्याच लेखात आणखी दोन गोष्टी आहेत आणि त्या स्लाइडवर कधी येत नाहीत. एक, असं क्राफ्टिंग संस्थेसाठी आपोआप चांगलंही नसतं आणि वाईटही नसतं, हे लेखिकांनी स्पष्ट लिहिलंय. दुसरी, ते करायची संधी आपल्याला आहे असं माणसाला वाटणं यावर अवलंबून असतं, की त्याचं काम इतरांच्या कामात किती गुंतलंय आणि त्याच्यावर नजर किती कडक आहे. म्हणजे सुपरवायझर पहिल्या लेखापासूनच चित्रात आहे. आपण त्याला कापून टाकलं.

खरी गंमत 2003 च्या लेखात आहे. रेझनेस्की, डटन आणि गेलाये देबेबे यांनी 28 सफाई कर्मचाऱ्यांच्या मुलाखतींच्या आधारे तो लिहिला. सफाईवाल्यांची सकारात्मक वृत्ती हा त्याचा विषयच नाही. आजूबाजूची माणसं रोज कशी वागतात, त्यातून कर्मचारी आपल्या कामाचा आणि स्वतःचा अर्थ कसा लावतो, हा त्याचा विषय. आपण तिथे नाहीच अशा नजरेने डॉक्टर बघतात, हे सांगणारे त्यात आहेत. रुग्णाच्या चार शब्दांनी दिवस बदलला, हे सांगणारेही आहेत. अर्थ एकट्याच्या डोक्यात तयार होत नाही, असं हा लेख सांगतो. आणि आपण कार्यशाळेत त्यातलीच एक बाई उचलून म्हणतो, हिच्यासारखी नजर ठेवा! डॉक्टरांनी वाट अडवून उभं राहू नये, यावर कार्यशाळा कधी झालेली मला तरी आठवत नाही.

जस्टिन बर्ग यांचा याच दोघींबरोबरचा 2010 चा लेखही जरूर वाचा. 33 जणांशी बोलून केलेलं गुणात्मक काम आहे. वरच्या पदावरच्यांना अडचण दिसते ती स्वतःच्याच अपेक्षांमध्ये: मी वेळ कशावर घालवायला हवा वगैरे. खालच्या पदावरच्यांना ती दिसते नेमून दिलेल्या कामात आणि इतरांच्या अपेक्षांमध्ये. त्यामुळे त्यांना आधी दुसऱ्यांना वळवावं लागतं, तेव्हा कुठे जागा मिळते.

आता मोजमाप. इथे बहुतेक प्रपोजल घसरतात, माझंही घसरलं होतं. व्याख्या 2001 ची द्यायची आणि प्रश्नावली मारिया टिम्स, आर्नोल्ड बाकर आणि डान्टये डर्क्स यांची 2012 ची वापरायची. नेदरलँड्समध्ये बनलेली ही 21 विधानांची मापनपट्टी चांगली आहे, पण ती वेगळ्या घराण्यातली. कामाचे ताण आणि कामातून मिळणारं पाठबळ यांचा तोल, हा तिचा पाया. कामाकडे बघायची नजर बदलणं तिच्यात मोजलंच जात नाही. म्हणजे प्रस्तावनेत चित्रं बदलणाऱ्या बाईची गोष्ट सांगायची आणि जी गोष्ट तिच्यात विशेष, ती मोजायचीच नाही. व्हायव्हात कोणी हे विचारलं तर काय सांगाल?

या मापनपट्टीचा एक भाग त्रासदायक मागण्या कमी करण्याबद्दलचा आहे. पायलटसाठी मी एका रुग्णालयातल्या कंत्राटी सफाई कामगार बायकांकडे तो मराठीत घेऊन गेले. मानसिक त्रास होईल अशा माणसांशी संबंध कमी येईल असं बघते का, अशा अर्थाचं विधान होतं. एक मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "म्हणजे काम टाळते का, असंच ना? हा कागद सुपरवायझरला दाखवणार का मॅडम?" नाही म्हटलं. तरी त्यांनी 'कधीच नाही' वर खूण केली, आणि बाजूच्या तिघींनीही. सांख्यिकीत हे किती सुंदर दिसलं असतं, विचार करा. प्रत्यक्षात ती भीतीची नोंद होती, आणि मी तिला क्राफ्टिंगचा अभाव म्हणून छापणार होते.

म्हणजे मापनपट्टी फेकून द्या, असं मी म्हणत नाही. ज्याला आपल्या तासाचं काय करायचं ते थोडंफार ठरवता येतं, त्याच्यावर ती वापरा. जिची हजेरी दिवसातून तीनदा लागते आणि जिचं कंत्राट अकराव्या महिन्यात संपतं, तिला आधी हे विचारा, की सीमा हलवली तर काय होईल. आणि हलवलीच असेल, तर त्या जास्तीच्या कामाचे पैसे कोण देतं, हेही विचारा. 'समाधान' हा शब्द पगाराच्या जागी फार पटकन बसवला जातो.

मी त्या गटासाठी प्रश्नावली बाजूला ठेवली आणि मुलाखती घेतल्या. पहिला प्रश्न एवढाच, की या वॉर्डात तुम्हाला नावाने कोण हाक मारतं? आपल्याकडे सगळ्याच 'मावशी', त्यामुळे प्रश्न ऐकून त्यांना हसू आलं. मग त्या मावशींनी बोटं मोजली. एक सिस्टर, आणि डायलिसिसला आठवड्यातून दोनदा येणारे एक आजोबा. त्या आजोबांच्या खाटेखालची फरशी आपण दोनदा पुसतो, हे त्यांनी न विचारता सांगितलं.

गाइड म्हणाले, "हे सगळं ठीक, पण यात जॉब क्राफ्टिंग राहिलं कुठे?" मी 2003 चा लेख पुढे केला. त्यावर आमचं अजून चाललंय.