लासूरच्या पाटीवरचा लाल

मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे येताना रोटेगाव, परसोडा, करंजगाव मागे पडतात आणि लासूर येतं. फलाटावर पिवळी पाटी, तिच्यावर काळी अक्षरं. ल, स, र ही तीन अक्षरं, एक काना, एक दीर्घ उकार. एवढ्या भांडवलावर लहान मुलाला रस, सूर, साल, सासू, सासर हे शब्द वाचता येतात. आणि एक रंगसुद्धा: लाल. पण आधी सगळी मुळाक्षरं, मग काना, मग वेलांट्या, मग उकार या जुन्या वाटेनं निघालेल्या मुलाला आपल्याच गावाची पाटी वाचायला कित्येक महिने थांबावं लागतं.

रंग शिकवण्याची तऱ्हाही तशीच. भिंतीवर तक्ता असतो, लालासमोर सफरचंद. लासूरच्या गंगापूर तालुक्यात सफरचंद पिकत नाही, 'अ'समोरचं अननसही नाही. इथे कापूस, मका आणि कांदा. कापसाच्या घरात 'गुलाबी' हा शब्द मुलाच्या कानावर पडतो तो बोंडअळीच्या नावातून, मोठ्यांच्या काळजीच्या स्वरात. लालाच्या आधी त्याच्याकडे 'तांबडं' असतं: तांबडी माती, पहाटे फुटणारं तांबडं. तक्त्यावर तांबड्याला जागा नाही.

मराठीत रंग एकटा फिरत नाही. झेंडू पिवळा, हळद पिवळी, लिंबू पिवळं. लाल, गुलाबी, पोपटी मात्र कुणापुढेही बदलत नाहीत. म्हणजे रंग शिकणारं मूल त्याच वेळी लिंग आणि वचन शिकत असतं, आणि हे काम गोलात रंगवलेल्या सुट्या शब्दानं होत नाही. पिवळ्याला कुणाच्या तरी शेजारी बसवावं लागतं. गोष्ट हेच करते.

1969 साली ब्रेंट बर्लिन आणि पॉल के यांनी जगातल्या भाषांमधले मूळ रंगशब्द शोधताना, जो शब्द एखाद्या वस्तूचंही नाव आहे तो संशयित धरला. त्यांच्या शास्त्रासाठी ते योग्यच होतं. बालवाडीच्या बाईंना मात्र नेमके तेच शब्द हवेत. जांभळा, डाळिंबी, आमसुली, विटकरी, राखाडी, मोरपंखी, अबोली: यातल्या प्रत्येकाच्या पाठीमागे झाड, चूल, भट्टी, पक्षी उभा आहे. मराठीनं गोष्टींची सामग्री नावातच बांधून दिली आहे. आपण ती फारच थोडी वापरली.

वापरणारे होते. 1926 मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाचं काम ताराबाई मोडकांनी पुढे बोर्डी आणि कोसबाडला नेलं, सोबत अनुताई वाघ. माँटेसरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यावर परवडणार नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पानं, माती हीच साधनं झाली. रंग परिसरातून आला. 2 ऑक्टोबर 1975 पासून एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाड्या देशभर पसरल्या. 'अंगणवाडी' हे नाव पोहोचलं, शिंपले-बियांमागचा विचार त्या मानानं कमी पोहोचला. आहार, वजन, लसीकरण, नोंदी सांभाळणाऱ्या ताईंकडून रोज नव्या गोष्टीची अपेक्षा करताना त्यांच्या हातात पुस्तकं किती दिली, हे आधी विचारायला हवं.

पुस्तकांची स्थिती पूर्वीपेक्षा बरी आहे. ज्योत्स्ना प्रकाशनानं काढलेली माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तकं मराठीतलं मोठं काम आहे. 'राधाचं घर'मधली माणसं उपदेश करत नाहीत, ती वागतात, आणि चित्र शब्दांनी न सांगितलेलं सांगतं. पण ते घर शहरी मध्यमवर्गीय आहे. कांदे निवडायला जाणाऱ्या आईचं घर इतक्याच मायेनं, इतक्याच बारकाईनं रेखाटणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयात मिकी पटेल यांची रूपा हत्तीण आहे, करड्या रंगावर नाराज असलेली. रंग तिथे धडा नाही, तिचं दुःख आहे. 2015 साली सुरू झालेल्या 'स्टोरीवीव्हर' या ऑनलाइन मंचानं मोफत गोष्टींचा ढीग उभा केला. त्यातली बरीच भाषांतरं मला सपाट वाटतात. वाक्य बरोबर असतं, पण कुठल्याच आजीनं ते तसं उच्चारलं नसतं.

वाचनाच्या बाजूनं मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणला मोलाचं काम केलं. थोडी अक्षरं, त्यांच्याबरोबरच स्वरचिन्हं, आणि लगेच अर्थाचे शब्द. पालघरमध्ये नीलेश निमकर यांच्या 'क्वेस्ट' संस्थेचा 'गोष्टरंग' उपक्रम नाट्यातून मुलांना पुस्तकापर्यंत आणतो. दोन्ही वाटा एकमेकींना पूरक आहेत. गोष्टीशिवाय अक्षरं शिकलेलं मूल वाचू शकतं, पण वाचत नाही. आणि अक्षरांकडे कधीच न वळणारी गोष्ट मुलाला श्रोता म्हणूनच ठेवते.

रंगाची गोष्ट करायला फार काही लागत नाही. चित्रपुस्तककार लिओ लिओनींनी आपलं 1959चं पुस्तक रेल्वेत रचलं. नातवंडं कंटाळली होती. त्यांनी मासिकाचं पान फाडून निळा आणि पिवळा तुकडा काढला. दोन्ही तुकड्यांनी मिठी मारली आणि ते हिरवे झाले. साहित्य एवढंच, पण त्या तुकड्यांना घर होतं, आई-बाप होते.

लासूरचा बाजार कांद्याचा. कांद्याची पात हिरवी, डोंगळ्यावरची फुलं पांढरी, बी काळं. दोन लिंगं, दोन वचनं, तीन रंग, आणि एका पिकाची गोष्ट. अशा पुस्तकाच्या शेवटच्या पानावर हाताएवढा कांदा, त्याखाली दोनच शब्द, पाटीवरच्या अक्षरांतून जुळलेले, जे वाचायला मुलाला कुणाची मदत लागणार नाही: लाल साल.