‘नातीगोती’ आणि आईबापांच्या पश्चातचा प्रश्न

जयवंत दळवी (१९२५–१९९४) यांचे ‘नातीगोती’ हे मतिमंद मुलाच्या समस्येवरील नाटक म्हणून ओळखले जाते. ही ओळख चुकीची नव्हे. अपुरी मात्र आहे. नाटककाराने शीर्षकात मुलाच्या व्यंगाला स्थान दिलेले नाही, नात्यांना दिले आहे. काटदरे पतिपत्नी आणि त्यांचा बच्चू यांना बांधणारा आणि जाचणारा धागा हाच या नाटकाचा खरा विषय होय.

दळवींच्याच ‘संध्याछाया’शी तुलना केली असता हे अधिक स्पष्ट होते. तेथे मुले दुरावल्याने वृद्ध मातापित्यांचे घर रिते होते. येथे मूल शरीराने वाढते, परंतु घर सोडून स्वतंत्रपणे जगू शकत नाही. तेथील आईबाप मुलांच्या येण्याची वाट पाहतात. येथील आईबापांना स्वतःच्या जाण्याचे भय वाटते. दोहोंच्या मुळाशी समजूत एकच: आधार शोधावयाचा तो रक्ताच्या नात्यात. नाटकाची पकड या समजुतीतून येते. त्याची मर्यादाही तिच्यातच आहे. बच्चू दिसतो तो मुख्यतः आईबापांच्या कष्टांतून. त्याच्या आनंदाला स्वतंत्र अर्थ असू शकतो, हा विचार प्रेक्षकाच्या मनात क्वचितच येतो.

स्वमग्नता आणि मतिमंदत्व या भिन्न अवस्था असल्या, तरी काही व्यक्तींत त्या एकत्र आढळतात. आणि ‘आमच्यामागे याचे कोण?’ हा प्रश्न दोन्ही प्रकारच्या घरांत सारखाच ऐकू येतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्न व मतिमंद व्यक्तींसाठी पालक नेमण्याची तरतूद केली. तथापि पालक नेमला म्हणजे रोजचा सहवास लाभला असे नव्हे. या दृष्टीने मुळशी तालुक्यातील कोळवणचे ‘साधना व्हिलेज’ लक्षणीय ठरते. दळवींच्या निधनाच्या वर्षीच, १९९४ मध्ये, स्थापन झालेल्या या संस्थेत प्रौढ मतिमंद व्यक्ती गृहमातांसमवेत एकेका घरात कुटुंबाप्रमाणे राहतात. तेथील नाते रक्ताचे नाही. स्वयंपाक, शेती आणि सण यांतून ते घडते.

अशी ठिकाणे थोडी आहेत, आणि जन्मदात्यांची जागा ती घेत नाहीत. परंतु ‘नातीगोती’चे पुनर्वाचन करताना त्यांची दखल घेणे अवश्य आहे. त्या घराची शोकान्तिका बच्चूच्या मतीत आहे, की आपण नाते म्हणून जे मानतो त्याच्या संकुचितपणात, हा प्रश्न टीकेने आता विचारावयास हवा.